कल्हई आणि कपबशी : उपाहारगृहांच्या तपासणीचा एक इतिहास

१

धाराशिवमधील कोणत्याही लहान हॉटेलात शिरले, की गल्ल्यामागच्या भिंतीवर तीन गोष्टी हमखास दिसतात. तुळजाभवानीची तसबीर, 'उधारी बंद आहे' ही पाटी आणि काचेच्या चौकटीत बसवलेला एक सरकारी कागद. या कागदावर चौदा आकडी क्रमांक असतो. मालकाचे नाव, पत्ता, व्यवसायाचा प्रकार आणि मुदत असा बाकीचा मजकूर बहुतेक इंग्रजीत असतो. चहा पिणाऱ्यांपैकी तो कोणी वाचत नाही, आणि बहुधा मालकानेही तो वाचलेला नसतो. आम्ही मराठीचे अध्यापक आहोत आणि मजकूर वाचणे हाच आमचा व्यवसाय आहे. तरीही गेली कित्येक वर्षे अशाच एका चौकटीखाली बसून चहा पीत असताना तो कागद वाचावा असे आमच्या मनात आले नव्हते. एम. ए. च्या वर्गात दलित आत्मकथने शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हॉटेल तपासायला साहेब येतात, तेव्हा ते नेमके काय तपासतात?" त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. प्रस्तुत लेख त्या उत्तराच्या शोधातून लिहिला आहे.

प्रश्न दिसतो तितका साधा नाही. अन्न तपासायचे म्हणजे ते 'शुद्ध' आहे की नाही हे ठरवायचे, आणि 'शुद्ध' हा मराठीतला अत्यंत गुंतागुंतीचा शब्द आहे. सोवळे, विटाळ, उष्टे, शिळे, भेसळ, निर्मळ, स्वच्छ हे सारे शब्द त्याच्या अवतीभवती वावरतात. पण त्यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या तपासनिसाचा आहे. सोवळे घरातली कर्ती बाई पाहते, विटाळ जात पाहते, शिळे नाक ओळखते, भेसळ मात्र प्रयोगशाळेला ओळखावी लागते. अन्नतपासणीचा इतिहास हा एका अर्थाने या तपासनिसांच्या बदलत गेलेल्या अधिकाराचा इतिहास आहे असे आम्हाला वाटते.

२

बाजारातील खाद्यवस्तूंवर राज्यसत्तेने नजर ठेवण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील 'कंटकशोधन' या चौथ्या अधिकरणात धान्य, तेल-तूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये आणि औषधे यांत तशाच रंगरूपाची हलकी वस्तू मिसळणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. पेठेतील वजने-मापे आणि भाव यांवर देखरेख ठेवणे हे पेशवाईत पुण्याच्या कोतवालाच्या कामांपैकी एक काम होते. 'घाशीराम कोतवाल' शिकवताना आपण कोतवालाच्या सत्तेचा राजकीय अन्वयार्थ लावतो. परंतु त्या सत्तेचा नित्याचा व्यवहार बाजारातल्या तराजूशी जोडलेला होता, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

मात्र या जुन्या व्यवस्थेत तपासले जात होते ते धान्य, तेल, मीठ. म्हणजे घरी नेऊन शिजवायच्या वस्तू. शिजवलेले अन्न परक्याकडून विकत घेऊन खाणे ही प्रतिष्ठितांच्या दृष्टीने अपवादाची, अडचणीची, काहीशी कमीपणाचीही गोष्ट होती. प्रवासी शिधा बरोबर नेत, देवस्थानी पुजाऱ्याच्या घरी उतरत किंवा अन्नछत्रात जेवत. तुळजापूरला येणारा यात्रेकरू आपापल्या पुजाऱ्याकडे उतरे, ही परंपरा आमच्या जिल्ह्यात आजही पूर्णपणे संपलेली नाही. अशा समाजात शिजवलेल्या अन्नाची तपासणी करण्यासाठी वेगळ्या अधिकाऱ्याची गरज नव्हती, कारण ती तपासणी जातीने आधीच केलेली असे. कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या हातचे खायचे नाही, हे ज्याला त्याला पाठ होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरे वाढली, रेल्वे आली, गिरण्या-कचेऱ्यांतून एकट्याने राहणारा पुरुष तयार झाला आणि त्याच्यासाठी खानावळ आली. या खानावळींच्या पाट्या आम्हाला फार बोलक्या वाटतात. 'ब्राह्मणाची खानावळ', 'हिंदू हॉटेल' असे लिहिणारा मालक आपली जाहिरात तर करीत होताच, पण त्याबरोबर एक प्रमाणपत्रही टांगत होता. स्वयंपाकघरात हात कोणाचा आहे, याची ती हमी होती. भांडी घासलेली आहेत का, तूप कोणते आहे, पाणी कोठून आणले आहे, यांविषयी ती पाटी काहीच सांगत नव्हती. तरीही गिऱ्हाईक निर्धास्त होत असे. गल्ल्यामागच्या आजच्या चौदा आकडी क्रमांकाचा पूर्वज शोधायचाच असेल, तर तो कौटिल्याच्या बारा पणांत शोधण्याऐवजी या पाटीत शोधावा लागेल.

३

आरोग्याच्या भूमिकेतून उपाहारगृहाकडे पाहणारा सरकारी माणूस महाराष्ट्रात प्रथम दिसतो तो मुंबईत. १८६५ च्या कायद्याने तेथे म्युनिसिपल कमिशनर आणि त्याच्या हाताखाली आरोग्य अधिकारी ही पदे आली. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले कमिशनर. त्यांच्या नावाची मंडई १८६९ मध्ये उभी राहिली. विखुरलेली विक्री एका छपराखाली आणली म्हणजे तिच्यावर नजर ठेवता येते, हा विचार त्या मंडईच्या मुळाशी होता. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने खाण्याच्या जागांना परवाना आवश्यक केला आणि खाण्यास अयोग्य माल तपासून जप्त करण्याचा अधिकार पालिकेला दिला. त्याआधीच, १८६० च्या भारतीय दंडसंहितेत २७२ आणि २७३ या कलमांनी अपायकारक भेसळ हा गुन्हा ठरवला होता. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी होती. यातला 'अपायकारक' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुधात स्वच्छ पाणी घातले तर फसवणूक होते. पण ते दूध अपायकारक होते असे सिद्ध करणे कठीण. म्हणून पुढे प्रांतोप्रांती भेसळीचे स्वतंत्र कायदे करावे लागले. मुंबई इलाख्याचा असा कायदा १९२५ चा आहे.

हा सारा इतिहास आमच्या जिल्ह्याच्या सीमेबाहेरचा आहे. उस्मानाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि तेथे इंग्रजी मुलखाचे कायदे नव्हते. शेजारची बार्शी मात्र सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात होती. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ पर्यंत येडशीमार्गे लातूरला पोहोचली, आणि एकाच रुळावर दोन राज्ये जोडली गेली. येडशीकडच्या गवळ्याचे तूप बार्शीच्या पेठेत उतरले, की त्याच डब्याकडे पाहणारा कायदा बदलत असे. ज्या वस्तूला आपण 'शुद्ध' म्हणतो तिची शुद्धता सरहद्दीवर बदलते, ही गोष्ट आज विनोदी वाटेल. परंतु १९३५ च्या कायद्यानुसारही हा विषय प्रांतांकडेच असल्यामुळे तीच देशभराची स्थिती होती.

तुपाचा विषय निघालाच आहे, तर वनस्पती तुपाची हकिगत सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आले आणि साजूक तुपात ते मिसळण्याचा धंदा फोफावला. दोन्ही पदार्थ दिसायला सारखे; ओळखायचे कसे? यावर शासनाने काढलेला उपाय आम्हाला विलक्षण वाटतो. वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचे तेल घालणे कारखानदारांना सक्तीचे केले गेले. तिळाच्या तेलात असा एक घटक असतो, की तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल यांच्या संयोगाने त्याला गुलाबी-लाल रंग येतो. म्हणजे कोणी साजूक तुपात वनस्पती मिसळले, तर परीक्षानळीत तीळ साक्ष देणार! आजीचे नाक आणि जीभ जिथे हरली, तिथे साक्षीदार आधीच पेरून ठेवण्याची ही युक्ती होती. तपासणीचा अधिकार ज्ञानेंद्रियांकडून रसायनाकडे कसा गेला, याचे याहून बोलके उदाहरण आम्हाला सापडले नाही.

४

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५० च्या संविधानाने अन्नभेसळ हा विषय समवर्ती सूचीत घातला आणि संपूर्ण देशासाठी एक कायदा करणे शक्य झाले. तो म्हणजे १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा. तो अमलात आला १ जून १९५५ रोजी. या तारखेपाशी आम्ही थबकलो. कारण ती तारीख आम्हाला दुसऱ्या एका संदर्भात माहीत होती. अस्पृश्यता (अपराध) अधिनियमही अमलात आला तो १ जून १९५५ रोजीच.

दोन्ही कायद्यांचा मसुदा वेगळ्या हातांनी, वेगळ्या हेतूंनी तयार झाला. एकाच दिवशी ते अमलात यावेत हा योगायोग असणार. त्याला आम्ही योजना म्हणत नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने काही योगायोगांपुढे थांबले पाहिजे. तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या उस्मानाबादमधल्या एखाद्या हॉटेलात त्या सकाळी एकदम दोन कायदे शिरले. पहिल्याने विचारले, येथे काय विकले जाते? दुसऱ्याने विचारले, येथे कोणाला बसू दिले जाते?

या दोन कायद्यांची गाठ पडते ती भांड्यापाशी. भेसळ कायद्याखालच्या नियमांत अन्नाच्या भांड्यांविषयी अटी आहेत: गंजलेली भांडी नकोत, टवके उडालेली एनॅमलची नकोत, तांब्या-पितळेच्या भांड्यांना नीट कल्हई असली पाहिजे. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. कायद्याने ते नियमात आणले. अस्पृश्यता अधिनियमाच्या चौथ्या कलमात उपाहारगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहेच, पण तेथे सर्वांच्या वापरासाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. एक कायदा भांड्याची कल्हई पाहतो, दुसरा ते भांडे कोणाच्या ओठांना लागू दिले जाते हे पाहतो. 'स्वच्छ' आणि 'शुद्ध' या दोन शब्दांमधले अंतर इतके स्पष्टपणे क्वचितच समोर येते. दाराबाहेर कोनाड्यात ठेवलेली, ज्याने त्याने स्वतःच विसळून परत ठेवायची कपबशी आरोग्याच्या दृष्टीने कदाचित आतल्या कपबशीहून घाणेरडी असेलही. तिला बाहेर काढले होते ते मात्र घाणीमुळे नव्हे.

या दोन कायद्यांच्या अंमलबजावणीत जो फरक पडला तो लक्षात घेतला पाहिजे. भेसळ कायद्याने अन्न निरीक्षक नेमले. त्यांनी ठरलेल्या मुदतीत दुकानांना भेट द्यावी, नमुने घ्यावेत, ते लोक विश्लेषकाकडे पाठवावेत, अशी यंत्रणा आखून दिली. अस्पृश्यता अधिनियमाला असा फिरता निरीक्षक मिळाला नाही. वेगळी कपबशी हुडकत हॉटेलोहॉटेली जाणारा, पंचनामा करून ती लाखेने मोहोरबंद करणारा सरकारी माणूस नव्हता. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच तक्रार करायची आणि त्याच गावात पुन्हा राहायचे, अशी रीत राहिली. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'मध्ये (१९८४) चहाच्या दुकानातील वेगळ्या कपबशीविरुद्ध तक्रार करायला दोन शाळकरी मुले पोलीस ठाण्यात जातात. तो प्रसंग वर्गात शिकवताना आम्ही त्यातील धैर्याविषयी बोलतो. पण हे काम करण्याची वेळ शाळकरी मुलांवर का आली, हा प्रश्न आम्ही विचारीत नव्हतो. १९७६ मध्ये या अधिनियमाचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले आणि शिक्षाही वाढल्या. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, तपासणीला येणारे साहेब कल्हई तपासायला येत होते. कपबशी तपासणे त्यांच्या कामात नव्हते.

५

आता कल्हईच्या बाजूकडे वळू. १९५४ च्या कायद्यातील नमुना घेण्याची पद्धत वाचताना आम्हाला एखाद्या कर्मकांडाची आठवण होते, आणि हे आम्ही उपहासाने म्हणत नाही. निरीक्षकाने आपली ओळख द्यायची, पंचांना बोलवायचे, नमुन्याची किंमत मोजून पावती घ्यायची, नमुना विश्लेषणासाठी घेत असल्याची लेखी सूचना द्यायची, नमुन्याचे तीन भाग करायचे, प्रत्येक भाग बाटलीत घालून मोहोर लावायची. दुधाच्या नमुन्यात ते नासू नये म्हणून फॉर्मालिन टाकायचे. मूळच्या व्यवस्थेत या तीन भागांतला एक भाग विक्रेत्याच्या हाती दिला जाई. १९७६ च्या दुरुस्तीनंतर एक भाग लोक विश्लेषकाकडे आणि दोन स्थानिक आरोग्य प्राधिकाऱ्याकडे जाऊ लागले. विक्रेत्याला अहवाल मिळाल्यावर दहा दिवसांत दुसरा भाग केंद्रीय प्रयोगशाळेत तपासून मागण्याचा हक्क राहिला, पण त्याच्या हाती काही उरले नाही.

या हक्काचे मोल सर्वोच्च न्यायालयाने घिसाराम खटल्यात सांगितले. खटला दिल्लीचा, नमुना दह्याचा. खटला भरायलाच इतका उशीर झाला, की आरोपीने फेरतपासणी मागितली तेव्हा दही तपासण्याच्या पलीकडे गेले होते. आरोपी सुटला. दही कोर्टाची वाट पाहत नाही, हे ग्रामीण माणसाला सांगावे लागत नाही. कायद्याला ते निकालाने शिकावे लागले. असाच दुसरा निकाल १९७३ चा, महाराष्ट्रातील. सॅकरिनयुक्त सुगंधी सुपारी विकणाऱ्याचा बचाव असा होता, की सुपारी हे अन्नच नव्हे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने सुपारीला अन्न ठरवले. जेवणानंतर तोंडात टाकतो ते अन्न की आणखी काही, या शब्दार्थाच्या वादावर एका माणसाचा तुरुंगवास अवलंबून होता. 'शब्दांचा कीस' असे आपण ज्याला नावे ठेवतो, त्यात कोणाचे तरी सहा महिने अडकलेले असू शकतात.

सहा महिने हा आकडा आम्ही सहज लिहिलेला नाही. १९६४ च्या दुरुस्तीने या कायद्यात किमान सहा महिने कैद आली. आणि येथे भाषेच्या अभ्यासकाने फार काळजीपूर्वक पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. या कायद्यात 'भेसळयुक्त' या शब्दाची व्याप्ती प्रचंड होती. विषारी रंग घातलेली मिठाई भेसळयुक्त, किडे पडलेले पीठ भेसळयुक्त आणि ठरलेल्या प्रमाणापेक्षा स्निग्धांश थोडा कमी भरलेले दूधही भेसळयुक्त. शेवटच्या प्रकारात आरोग्याला धोका असेलच असे नाही, विक्रेत्याने काही मिसळलेले असेलच असेही नाही. उन्हाळ्यात चारा कमी पडला, म्हैस आटत आली, तरी दुधाचा कस बदलतो. पण शब्द एकच, म्हणून कलंकही एकच. गावात एकदा 'भेसळवाला' म्हटले गेले, की निकाल काही लागो, ते नाव पुसले जात नसे. आमच्यापैकी एकाच्या नात्यातल्या दूध घालणाऱ्या वृद्धाने अनेक वर्षे तारखा केल्या. शेवटी तो निर्दोष ठरला. पण तोवर त्याने म्हशी विकल्या होत्या. दुधात पाणी होते की नव्हते हे आम्हाला आजही ठाऊक नाही, आणि त्यांची बाजू घेण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. एका शब्दात तीन वेगवेगळे अर्थ कोंबले म्हणजे काय होते, एवढेच सांगायचे आहे.

२००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि जुना कायदा गेला. त्याच्या यशापयशाविषयी पुष्कळ बोलता येईल. आमच्या दृष्टीने त्याचे महत्त्वाचे काम असे, की त्याने तो एक शब्द फोडला. आता अन्न 'कमी दर्जाचे' असू शकते, 'मिथ्याछाप' असू शकते किंवा 'असुरक्षित' असू शकते. पहिल्या दोहोंसाठी मुख्यतः दंड आहे, आणि तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो; कमी दर्जासाठी त्याची कमाल मर्यादा पाच लाख, मिथ्याछापासाठी तीन लाख. तुरुंग राहिला तो प्रामुख्याने असुरक्षित अन्नासाठी. नमुन्याचे भाग तीनांऐवजी चार झाले. विक्रेत्याने मागणी केल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. विश्लेषणाला चौदा दिवसांची मुदत आली. निरीक्षकाचे नावही 'अन्न सुरक्षा अधिकारी' झाले. उणीव दिसल्यास थेट खटल्याऐवजी सुधारणा नोटीस देण्याची तरतूद आली. शब्दांची फोड केल्याने न्याय होतोच असे नाही, पण त्याशिवाय तो होऊ शकत नाही, असे म्हणावे लागेल.

६

या साऱ्या कलमांचा अर्थ आमच्या जिल्ह्यात उमगतो तो खव्यापाशी. भूम तालुक्यात आणि आसपास बालाघाटच्या माथ्यावर खवा करण्याचा धंदा घरोघरी आहे. त्याचे कारण आर्थिक आहे, तसेच भौगोलिकही. पाऊस बेभरवशाचा, शेती तुटपुंजी, म्हणून जनावर. दूध आहे पण ते थंड ठेवून लांब नेण्याची सोय पूर्वी नव्हती, म्हणून ते आटवायचे. चार-पाच लिटर म्हशीचे दूध रुंद कढईत, भट्टीच्या आचेवर, सारखे हलवत राहिले की किलोभर खवा हाती येतो. हात थांबला तर खवा लागतो. सकाळ-संध्याकाळ धुरात उभे राहून हे काम करणाऱ्यांत बायका आहेत, आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर नाव बहुतेकदा पुरुषाचे आहे.

कायद्याच्या दृष्टीने हा खवा म्हणजे काही आकडे आहेत: एकूण घनपदार्थ किमान ५५ टक्के, कोरड्या भागात दुधाचा स्निग्धांश किमान ३० टक्के, आम्लता कमाल ०.९ टक्के; पिष्ट आणि साखर नको. पिष्ट ओळखण्याची आयोडीनची चाचणी शाळेतल्या मुलालाही करता येते. थेंब टाकताच निळा रंग आला, तर साबुदाणा, बटाटा किंवा मैदा आहे. स्निग्धांशाचे मात्र घरी कळत नाही. सणासुदीला शहराकडे जाणाऱ्या गाड्या अडवून खवा जप्त झाल्याच्या बातम्या दर दिवाळीत येतात. बातमीत शब्द असतो 'भेसळयुक्त' किंवा 'संशयित'; अहवाल येईपर्यंत दिवाळी संपलेली असते आणि अहवालाची बातमी होत नाही. जिथे खरोखर पिष्ट किंवा वनस्पती घातलेले असते, तिथे जप्ती योग्यच आहे. भेसळ करणारा फक्त गिऱ्हाइकाला फसवत नाही. शेजारच्या भट्टीवर प्रामाणिकपणे दूध आटवणाऱ्याचा भावही तो पाडतो, कारण पिष्ट घातलेला खवा स्वस्तात विकता येतो. म्हणून तपासणी नको, अशी भूमिका कष्टकऱ्यांच्या नावाने घेणे आम्हाला मान्य नाही. तपासणीची सर्वाधिक गरज असेल तर ती प्रामाणिक खवेवाल्यालाच आहे. फक्त तिचा निकालही तितक्याच मोठ्याने जाहीर झाला पाहिजे.

२०११ च्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना परवान्याऐवजी साधी नोंदणी दिली, वर्षाला शंभर रुपये शुल्क ठेवले. अशा लहान व्यावसायिकाने गिऱ्हाइकाने मागितल्या प्रतीचा माल दिला नाही, तर त्यासाठीच्या दंडाची मर्यादाही कायद्याने पंचवीस हजारांवर ठेवली आहे. हे उदार आहे. पण त्या नोंदणीबरोबर स्वच्छतेच्या अटींची जी यादी येते, तिची भाषा भट्टीवरच्या बाईपर्यंत पोहोचत नाही. आता अर्जही संकेतस्थळावर करावा लागतो, तो करून देणारा दुकानदार वेगळे पैसे घेतो आणि कागद चौकटीत जाऊन बसतो. ज्याने पाळायचे त्याने न वाचलेला आणि ज्याच्यासाठी टांगला त्यानेही न वाचलेला असा हा मजकूर आहे. नगरपरिषदेचा स्वच्छता निरीक्षक गटारे, कचरा आणि मंडई पाहतो. अन्नाचे नमुने राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी घेतो. यात्रेच्या काळात आरोग्य विभागाचे कर्मचारी पाण्यात टीसीएल पावडर आहे का ते तपासतात. गिऱ्हाइकाला हे तिन्ही 'साहेब'च वाटतात, आणि तक्रार नेमकी कोणाकडे न्यायची हे त्याला कळत नाही.

२०२४ च्या सुमारास कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भूम तालुक्यातील हे जैन सिद्धक्षेत्र खव्याच्या नावाने देशभर ओळखले जावे, याचा आम्हाला आनंद आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता, अन्नाची हमी देणारी ही तिसरी पाटी आहे. पहिली सांगत होती, हात कोणाचा. दुसरी सांगते, आकडे किती. तिसरी सांगते, माती कोणती. यांतली पहिली पाटी कायद्याने उतरवली असली, तरी ती मनांतून उतरली आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. आजही काही पाट्यांवरचे 'शुद्ध' हे विशेषण तुपाला लावले आहे, शाकाहाराला लावले आहे की आणखी कशाला, हे विचारावेसे वाटते.

७

ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला, त्याला आम्ही हे सारे वर्गात सांगितले. त्याला अधिक उत्सुकता होती ती नव्या कायद्याच्या चाळिसाव्या कलमाची. त्यानुसार कोणीही ग्राहक शुल्क भरून विकत घेतलेले अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. तसे करणार असल्याचे विक्रेत्याला त्याच वेळी सांगावे लागते आणि दोष आढळला तर शुल्क परत मिळते. जुन्या कायद्यातही अशी तरतूद होती. "मग कोणी केलंय का, सर?" त्याने विचारले. आमच्यापैकी कोणीही केलेले नाही. रोज ज्याच्याकडे चहा पितो त्याच्या तोंडावर 'तुझे दूध तपासायला नेतो' म्हणणे जमत नाही; जिभेवर येते ते मागे फिरते. वेगळ्या कपबशीच्या काळातही आत बसून चहा पिणाऱ्यांची जीभ बहुधा अशाच संकोचाने मागे फिरत असेल. तो संकोच आणि हा संकोच सारखे नाहीत, हे आम्ही जाणतो. तरी दोहोंत गिऱ्हाईक गप्प राहते आणि काम दुसऱ्यावर सोपवते, एवढे साम्य आहेच.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर आम्ही नेहमीच्या हॉटेलात गेलो. चौकटीतला कागद प्रथमच उठून जवळून वाचला. मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. मालकाला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "खरं का सर? पोराला सांगतो, करून घेईल." मग त्याने आमच्यापुढे चहा ठेवला आणि प्रथमच विचारले, "बाकी त्यात काय लिहिलंय हो?" आम्ही त्याला तो कागद मराठीत वाचून दाखवला. वाचायला पाच मिनिटेही लागली नाहीत.